कंदील

हरिपूरला हळदीची पेवं होती, थोडी अजून आहेत.
वरून बघाल तर नुसतं एक दगडी झाकण,
खाली घागरीच्या पोटासारखी जमीन,
आणि तिच्यात वर्षानुवर्षं न किडणारी हळद.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
ज्योत तगली, तरच माणूस.
हे मला पारिसा मगदूमनं सांगितलं,
वकीलपत्रावर सही करता करता.
मी म्हणालो, मुद्द्याचं बोला.

मुद्दा असा की पेव कुणाचं,
त्याचं की चुलतभावाचं.
कोर्टानं सांगितलं, जैसे थे.
निकाल लागेपर्यंत उकरू नका, बुजवू नका,
झाकणाचा दगडसुद्धा हलवू नका.
दुसऱ्या दिवशी कमिशनर मोजायला येणार होता.

रात्री साडेनऊला त्याचा फोन.
मी जेवत होतो, टीव्हीवर मॅच.
'सायेब, मुरमाची ट्रॉली हुबी हाय. काय करू?'
घास तोंडात ठेवूनच मी म्हणालो,
'टाका बुजवून. पुढचं मी बघतो.'
पाच शब्द.
त्यांची फीसुद्धा लावली नाही.

सांगलीच्या कोर्टात, तिसऱ्या तारखेला,
मॅडमनी चष्मा काढून विचारलं,
हुकूम माहीत होता?
'व्हता.'
मग कुणाच्या सांगण्यावरून?
पारिसानं माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.
पंख्याकडे बघत म्हणाला, 'माज्याच डोक्यानं, बाईसायेब.'

अशा वेळी कोर्टात शांतता पसरते म्हणतात.
तसं काही झालं नाही.
मागच्या बाकावर कुणी तंबाखू मळत होतं,
शिपाई पुढचं प्रकरण पुकारायच्या बेतात,
माझा हात गळ्याच्या पांढऱ्या बँडकडे गेला,
तो सरळ करून खाली आला.
बँड सरळच होता.

माफीचं प्रतिज्ञापत्र मीच लिहायला घेतलं.
झोपेतही येईल असा मजकूर:
मी अडाणी असून मला कायद्याचे ज्ञान नाही,
न्यायालयाविषयी मला नितांत आदर आहे,
सदर कृत्य गैरसमजातून घडले,
मी बिनशर्त माफी मागतो.
बाकी सगळं ठीक होतं.
फक्त 'गैरसमजातून' या शब्दाखाली
कुणीतरी कोंडल्यासारखा श्वास घेत होतं.
मी कंदील सोडला.
विझला.

बाररूममध्ये शिंत्रे म्हणाले,
अहो, बूट फेकला तर अवमान,
शिवी दिली तर अवमान.
पक्षकार गप्प आहे, तुम्हाला कशाला कंठ फुटतोय?
चहा सांगितला. चहा चांगला होता.
मी आत जाताना रोज मान लववतो,
निघताना पाठ न दाखवता मागं सरकतो,
तीस वर्षांत एकदाही धक्का लागला नाही खुर्चीला.
फोनवर मान लववता येत नाही.

हरिपूरला जाऊन पारिसाची परवानगी मागितली.
गुपित त्याचं, मी नुसता राखणदार.
बराच वेळ तो बुजलेल्या जागेवरचं गवत उपटत राहिला.
'ऱ्हाऊ द्या की,' म्हणाला,
'तुमचं पोट हाय त्याच्यावर.'
मग म्हणाला, 'तुमाला झोप येत नसंल तर बोला.'

त्याची फाइल शेडबाळकरबाईंना दिली, फी परत केली,
आणि लिंबाखाली मुजावरचाचांसमोर बसलो,
जिथं एरवी माझे पक्षकार बसतात,
त्या डुगडुगत्या स्टुलावर.

'प्रतिज्ञा करणाऱ्याचं नाव?'
मी माझं सांगितलं.
चाचांनी मान वर केली नाही.
'वय?'
अठ्ठावन्न.
'धंदा?'

त्या रकान्यात इतकी वर्षं मी
शेती लिहिली, मजुरी लिहिली, घरकाम लिहिलं,
विचारलंही नाही कधी, अंदाजानंच भरलं.
चाचांची बोटं बटणांवर थांबलेली.
'धंदा, साहेब,' ते पुन्हा म्हणाले,
'लवकर सांगा, लाइट जाईल.'